हाऊसिंग तापते, ऑईल गळते : मेस्त्रीकडे जाण्यापूर्वी काय पाहावे?



तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, असे आम्ही नेहमी सांगतो. पण भरलेली गाडी वाटेतच बसली तर ऊस वाळून वजन घटते, उतारा पडतो, आणि पुढच्या खेपाही खोळंबतात. कृष्णा-वारणाकाठच्या काळ्या रानातून, पाणंदीच्या चिखलातून डांबरीवर येईपर्यंत मोठा ताण बसतो तो मागच्या डिफरन्शियलवर. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणे, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देणे, हे त्याचे काम. आतले दात एकमेकांवर घासतात, म्हणून हाऊसिंग थोडे गरम होणारच. पण खेपेनंतर वर टाकलेले पाण्याचे थेंब चर्रकन उडाले, किंवा जळका वास आला, तर खोट आहे असे समजावे.

तापते कोठे? एकाच चाकाचा ड्रम तापत असेल तर ब्रेक धरतो आहे किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहे. डिफरन्शियलला दोष देऊ नये. मधला भाग तापत असेल तर गाडी सपाट जागी थंड होऊ द्या व ऑईलची पातळी पाहा. ट्रकमध्ये ऑईल बाजूच्या प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेला लागलेले हवे. कमी ऑईल वाईट, तसेच जादाही वाईट. ते घुसळून तापते. पातळी ठीक असेल तर जादा भार, मागची लहान-मोठी टायरे, किंवा नुकत्याच केलेल्या कामात घट्ट आवळलेले पिनियनचे बेअरिंग, यांचा संशय घ्यावा. ट्रॅक्टरचा डिफरन्शियल लॉक चिखलातून निघताच सोडावा.

गळते कोठून? फडक्याने सर्व पुसून एक खेप करा, मग पाहा. ट्रकच्या शाफ्टच्या जोडापाशी ओल दिसली तर पिनियनचे सील गेले. चाकाच्या आतल्या बाजूस दिसली तर ॲक्सलचे सील गेले. हे ऑईल ब्रेकच्या लायनरवर उतरते व ब्रेक लागत नाही. अशी गाडी भरून घाटात नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

सील बदलूनही गळती थांबत नसेल तर हाऊसिंगवरचा ब्रीदर पाहा. तो चिखलाने बुजला की आतली तापलेली हवा कोंडते आणि नव्या सीलमधूनही ऑईल बाहेर ढकलते. दोन पैशांचे काम, पण पुष्कळजण तेच विसरतात.

ऑईल काय सांगते? दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, ऑईल बदला. प्लगला बारीक भुकटी चिकटली तर चालेल. पण तुकडे निघाले, तर गाडी तेथेच उभी करून मेस्त्रीला बोलवावे. ऑईल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. ट्रॅक्टरमध्ये पुष्कळदा तेच ऑईल गिअर, हायड्रॉलिक व ब्रेकलाही लागते.

ही तपासणी हंगामाआधी एकदा, आणि हंगामात दर आठवड्याला करावी. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यासाठी एक खेप चुकली तरी चालेल, पण वाटेत ऊस वाळता कामा नये.