मेंदूचा प्राणवायू आणि ब्राह्मीचा पाला

आपण श्वास घेतो. हवेतला प्राणवायू रक्तात मिसळतो. रक्त तो अंगभर पोचवते. त्यातला मोठा वाटा कोण घेतो? आपला मेंदू. शरीराचे वजन १०० भाग धरले, तर मेंदू जेमतेम २ भाग. पण प्राणवायूच्या १०० भागांपैकी सुमारे २० भाग त्याला एकट्याला लागतात.

घर जसे विटांचे, तसे शरीर बारीक बारीक पेशींचे. मेंदूच्या पेशी हातावर पोट असलेल्या माणसासारख्या असतात. त्यांच्याजवळ साठवण नसते. प्राणवायू अगदी तुटला, तर ४-५ मिनिटांत त्या मरू लागतात.

त्यांना झाडपाला वाचवील काय? शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदराच्या मेंदूचे रक्त थोडा वेळ अडवले. ज्या उंदरांना हळदीतला पिवळा पदार्थ दिला होता, त्यांच्या पेशी कमी मेल्या. ब्राह्मीचेही असे प्रयोग झाले. लोखंडाला गंज खातो, तसे काही पदार्थ उपाशी पेशीला आतून खातात. वनस्पतींतले गुण त्यांना आवरतात.

मग लकवा झाला की हळद पाजावी का? नाही! पोटात घेतलेल्या हळदीतला तो पदार्थ रक्तात फारच थोडा उतरतो. उंदराला लागू पडले, ते माणसाला लागू पडेलच असे नाही. सेलरी ही ओव्याच्या कुळातली भाजी. तिच्या बियांत सापडलेला एक पदार्थ चीनमध्ये २००२ साली लकव्यावर औषध म्हणून मंजूर झाला. पण ते शुद्ध केलेले, मोजून दिलेले औषध आहे. ते डॉक्टरच देतात.

आमच्या शेजारी एका काकांचे तोंड एकाएकी वाकडे झाले. हात लुळा पडला. बोलणे बोबडे झाले. घरच्यांनी ब्राह्मीचा रस पाजला. लकव्यात अनेकदा नीट गिळता येत नाही. रस श्वासनळीत गेला, ठसका लागला. सकाळची दुपार झाली. काका वाचले, पण हात गेला तो गेलाच. आम्हीही तिथेच उभे होतो. आम्हालाही तेव्हा कळले नाही.

लकव्यात बहुधा गुठळीने रक्त अडते. ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. कधी शीर फुटलेली असते. म्हणून आधी डोक्याचा फोटो काढतात.

तेव्हा मंडळी, ब्राह्मी परसात असू द्या, हळद जेवणात असू द्या. पण तोंड वाकडे दिसले की तोंडात काही घालू नका. १०८ नंबर फिरवा आणि मोठा दवाखाना गाठा. घड्याळ बघून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतील.