बुडालेले पैसे जातात कुठे?

मागच्या व्याख्यानानंतर आम्ही जिना उतरत होतो, तेव्हा एका बाईंनी आम्हाला गाठलं. मुलुंडलाच राहतात, नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत, मुलाने मोबाइलवर डिमॅट खातं उघडून दिलंय. म्हणाल्या, "सर, २०२४ च्या ४ जूनला टीव्हीवर सांगत होते की गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले. मग ते गेले कुठे? कोणाच्या तरी खिशात गेलेच असतील ना?"

आम्ही त्यांना म्हटलं, याचं उत्तर जिन्यात देता येणार नाही, पुढच्या वेळी या. त्या आज आल्या आहेत. तेव्हा बाजार वर-खाली का होतो, हे आपण त्यांच्याच प्रश्नाचं बोट धरून पाहू.

आधी बाजार बाजूला ठेवा, आपली सोसायटी घ्या. चाळीस घरं आहेत. तिसऱ्या मजल्यावरचं एक घर सव्वा कोटीला गेलं. दुसऱ्या दिवसापासून उरलेली एकोणचाळीस कुटुंबं मनातल्या मनात सव्वा कोटीची धनी झाली. (आमच्या इमारतीत तर लोकांची चालसुद्धा बदलली होती.) पुढच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्यांना मुलाकडे परदेशी जायची घाई होती. त्यांनी घर एक कोटीला दिलं. झालं! चाळीस घरांचा हिशेब मांडला तर दहा कोटी 'बुडाले'. आता सांगा, कोणी नेले? व्यवहार झाला तो एका घराचा, पण त्या एका घराचा भाव आपण चाळिसांना लावला.

शेअर बाजारात नेमकं हेच होतं, फक्त दर क्षणाला होतं. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत एका बाजूला घेणाऱ्यांचे आकडे लागलेले असतात, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे. जिथे दोघांचं जुळतं तिथे सौदा होतो. पडद्यावर दिसतो तो त्या शेवटच्या सौद्याचा भाव. कंपनीचे कोट्यवधी शेअर लोकांच्या खात्यांत स्वस्थ पडून असतात. त्या दिवशी हात बदलतात ते त्यांतले थोडेच, पण किंमत सगळ्यांची ठरते. म्हणून ३१ लाख कोटींतला बहुतेक पैसा कुठेच गेला नाही, कारण तो पैसा नव्हता, तो अंदाज होता. बुडाला तो ३ जूनला चढ्या भावाने घेऊन ४ जूनला घाबरून विकणाऱ्याचा. त्याचे पैसे मात्र खरोखर दुसऱ्याच्या खिशात गेले.

ते तीन दिवस नीट पाहण्यासारखे आहेत. ३१ मे, शुक्रवार, सेन्सेक्स ७३,९६१ वर बंद झाला. शनिवारी संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या आल्या. सोमवारी सेन्सेक्स अडीच हजारांनी चढून ७६,४६९. मंगळवारी प्रत्यक्ष निकाल चाचण्यांपेक्षा वेगळे निघाले आणि तो जवळजवळ ४,४०० अंशांनी पडून ७२,०७९. बुधवारी पुन्हा ७४,३८२. जो गृहस्थ शुक्रवारी झोपला आणि बुधवारी संध्याकाळी उठला, त्याला वाटलं असतं, चारशे अंशांची वाढ, ठीक आहे. या काळात सेन्सेक्समधल्या तीस कंपन्यांचे कारखाने, बँका, दुकानं होती तिथेच होती. बदलली ती उद्याबद्दलची अपेक्षा. आणि नवख्या माणसाला इथेच कोडं पडतं. कंपनीचा नफा वाढल्याची बातमी येते आणि शेअर पडतो. का? कारण लोकांनी त्याहून जास्त नफा धरला होता आणि भावात तो आधीच मोजून टाकला होता. बातमी चांगली की वाईट, एवढ्यावर भाव हलत नाही. ती अपेक्षेपेक्षा वेगळी आहे का, यावर हलतो.

आपल्या भाषेत 'भाव' हा एकच शब्द किमतीलाही आहे आणि मनातल्या भावनेलाही. दर्शनशास्त्रात तर 'भाव' म्हणजे असणं आणि 'अभाव' म्हणजे नसणं. मराठी माणसाने बाजारात हा शब्द वापरताना जरा दचकायला हवं, असं आमचं मत आहे. केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली या बाजाराची तुलना एका सौंदर्यस्पर्धेशी केली होती. तुम्हाला कोणता चेहरा सुंदर वाटतो हे तिथे सांगायचं नाही, बहुतेकांना कोणता वाटेल हे ओळखायचं. आणि तो बहुतेकही तेच ओळखायला बसलेला!

पण सगळंच मनाचं नाही. स्टेशनबाहेर सकाळी वीस रुपयांची मेथीची जुडी रात्री नऊला दहाला मिळते. मेथी थोडी कोमेजते, खरंय. पण भाजीवालीला शेवटची गाडी पकडायची असते, हे जास्त खरं. विकणाऱ्याची गरज भाव पाडते. शेअर बाजारात ही गरज येते ती उसन्या पैशातून. कर्ज काढून घेतलेले शेअर पडू लागले की सावकार पैसे मागतो. ते द्यायला शेअर विकावे लागतात, त्याने भाव आणखी पडतो, मग पुढच्याचा सावकार जागा होतो.

१९९२ मध्ये हे आम्ही जवळून पाहिलं. सरकारी रोख्यांच्या व्यवहारांतून बँकांचा पैसा हर्षद मेहताच्या हातून बाजारात येत होता. दोनशेच्या आसपासचा एसीसीचा शेअर नऊ हजारांच्या घरात गेला होता. आम्ही सकाळी वर्गात अनुमान शिकवत होतो. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं म्हणायला धूर आणि अग्नीचं अतूट साहचर्य हवं, नुसतं चार वेळा एकत्र दिसणं पुरत नाही, वगैरे. आणि दुपारी स्टाफरूममध्ये म्हणत होतो, काल चढला, परवा चढला, म्हणजे उद्या चढणारच. कंपनी काय बनवते हेही आम्ही विचारलं नाही. २२ एप्रिलला सेन्सेक्स ४,४६७ वर होता. घोटाळ्याची बातमी छापून आली, बँकांचा पैसा आटला आणि वर्षभरात सेन्सेक्स निम्म्यावर आला.

आमचं नुकसान सोसण्याजोगं होतं. पण एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नाचे पैसे घातले होते आणि त्यांना भरीस आम्ही पाडलं होतं. लग्न सहा महिन्यांवर होतं. त्यांना पडत्या भावात विकावंच लागलं, त्या भाजीवालीसारखं. तोच शेअर पुढे काही वर्षांनी सावरला, पण त्यांच्याजवळ तो नव्हता.

आता कोणी म्हणेल, म्हणजे धरून ठेवलं की सावरतंच? नाही मंडळी. याच मुंबईत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर शेअर चढले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस उतरला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला आणि ती बँक पुढे बुडालीच. तिथे नुसता अंदाज बदलला नव्हता, अंदाजाखालची जमीनच गेली होती.

तेव्हा बाई, मोबाइलवर लाल आकडा दिसला की दोन गोष्टी विचारा. कंपनीच्या धंद्यात काही बदललंय, की फक्त लोकांच्या अंदाजात? आणि हे पैसे आपल्याला कधी लागणार आहेत? पहिल्याचं उत्तर शोधायला कंपनीचे ताळेबंद वाचावे लागतात, ते पुढच्या व्याख्यानात पाहू. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे. दोन-तीन वर्षांत लागणारे असतील तर ते या बाजारात आणूच नका, मुलगा कितीही म्हणाला तरी.

आमच्या त्या सहकाऱ्यांनी मुलीचं लग्न सोसायटीचं कर्ज काढून केलं. आम्हाला पत्रिका आली होती. आम्ही गेलो, जेवलोही, पण त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायला आम्हाला पुढे दोन वर्षं लागली.

चला, प्रश्न घेऊ.