माजी सैनिकाचे मत

सैन्यातून निवृत्त झालेला जवान सिल्वासात टोकरखाड्याला घर करून राहिला, तर त्याला मते किती? लोकसभेचे एक आणि नगरपालिकेचे एक. या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा नाही, राज्यसभेतही जागा नाही. तोच जवान शेजारच्या तलासरीस किंवा वापीस राहिला असता, तर आमदारही निवडू शकला असता! येथे मात्र शासनासाठीचे विनियम घटनेच्या २४० व्या कलमान्वये राष्ट्रपती करू शकतात.

लोकसभेतील प्रतिनिधीही सहजी मिळाला नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले, १९६१ मध्ये हा मुलूख भारतात विलीन झाला. पण प्रारंभी खासदार राष्ट्रपतीच नेमीत. लोकांनी तो प्रथम निवडला १९६७ मध्ये.

अमेरिकेच्या राजधानीतील माजी सैनिकांचे गाऱ्हाणे निराळे आहे. वॉशिंग्टनवासीयांना १९६१ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत लाभले. मात्र प्रतिनिधिगृहातील त्यांच्या सदस्याला विधेयकावरील अंतिम मतदानात भाग घेता येत नाही, सिनेटमध्ये तर त्यांचे कोणीच नाही. देशासाठी रणांगणावर लढून आलेल्यांची ही गत! आपल्या जवानाचा खासदार निदान सभागृहात मत देतो. आणि राष्ट्रपतीच्या निवडणुकीत या जवानाचा आवाज पोहोचतो, तोही त्या एकाच खासदाराच्या मतातून.