रायपूरची तळी : पाणी राहिले, हक्क गेला

रायपूरच्या तळ्यांचा मागोवा घेताना ती कुणी खोदली हेच आधी विचारले जाते. ती कुणामुळे टिकली, हा प्रश्न मागे पडतो. कलचुरी राजा ब्रह्मदेवाच्या 1402 च्या शिलालेखात हे शहर भेटते. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला आणि 1854 मध्ये इंग्रजांनी तो खालसा केला. राजवटी बदलल्या, तरी तळे चालत राहिले ते निस्तारावर, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या वापरावर: कुणी अंघोळीला येई, कुणी गुरे धुवायला, केवट-ढीमर हे मासेमार जाळी घेऊन. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. म्हणून नदीतले मत्स्यबीज ओळखून तळ्यात आणून सोडणे हे जाणत्याचे काम होते. मासेमारी ही तळ्याच्या देखरेखीचाच भाग होती.

या वहिवाटीला कागदाचा आधार किती, हे पाहायला जपानच्या बिवा सरोवराकाठचे सुगाउरा उपयोगी पडते. तिथल्या गावकऱ्यांनी 1346 मध्ये आपल्या शेतजमिनी कायमच्या विकायला बंदी घालणारा ठराव लिहून ठेवला आणि गावचे दप्तर शतकानुशतके स्वतःच जपले. रायपूरसारख्या मालगुजारीच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकांच्या, मुलखात मात्र रिवाज वाजिब-उल-अर्ज या गावनोंदीत उतरवले गेले आणि ते दप्तर सरकारकडे राहिले. 1951 मध्ये मालगुजारी संपून तळी सरकारजमा झाली. 1959 च्या जमीन महसूल संहितेतील कलम 242 गावाच्या मासेमारी हक्काची नोंद करायला सांगते, पण सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या पाण्यापुरतीच. सरकारजमा झालेले तळे नेमके त्या कलमाबाहेर पडले.

मालगुजारी न्यायाची होती का, असे कुणी विचारेल. नव्हती, पाण्यावर मालकाचा वरचष्मा होता आणि काठावरही जातीची उतरंड होती. ती व्यवस्था जायलाच हवी होती. पण मालकी सरकारकडे गेली, गाळ काढण्याच्या जबाबदारीला मात्र वारस उरला नाही. भंडारा-गोंदियातले माजी मालगुजारी तलाव हीच कथा सांगतात. दुसरा आक्षेप असा की तळी गिळली ती जमिनीच्या भावाने. हे खरे आहे, पण भाव चढला तेव्हा हरकत घेणारा हक्कदार कागदावर नव्हता, म्हणूनच शहरातल्या राजबंधा तलावाचे मैदान होऊ शकले. तेलीबांधा तलाव सुशोभीकरणाने वाचला, असेही म्हणता येईल. पाणी वाचले, हे मान्य. पण फिरायला येणाऱ्याला पाणी दिसले की पुरते, मासे धरणाऱ्याला ते जिवंत लागते. 1957 मध्ये हिरालाल चौधुरींनी प्रेरित प्रजननाचे तंत्र यशस्वी केल्यावर बीज हॅचरीतून मिळू लागले आणि नदीशी नाते नसलेला ठेकेदारही तळे घेऊ शकला. उत्पादन वाढले, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण उत्पादन आणि देखरेख यांची फारकत झाली. तेव्हा काठाला फरशी बसवण्याआधी शहरातल्या प्रत्येक तळ्यावर कुणाचा कोणता हक्क आहे, मासेमारीचा धरून, याची नोंद व्हावी आणि तिची प्रत त्या हक्कदारांच्याही हाती असावी.