मांजर कुत्र्याला घाबरतं की घाबरवतं?

(लेखमाला : बाळाची भाषा, भाग ७)

मागच्या भागात आपण 'पडणं' आणि 'पाडणं' पाहिलं. पडणारी वाटी मुलाच्या डोळ्यांना दिसते. घाबरणं मात्र दुसऱ्याच्या मनात घडतं; बाहेर दिसतं ते फक्त आक्रसलेलं अंग. तरीही दुसऱ्या वाढदिवसाच्या आगेमागे भीतीचे, रागाचे शब्द मुलाच्या तोंडी येऊ लागतात. पण कोण कोणामुळे घाबरलं, हे वाक्यावरून ओळखायला पुढची काही वर्षं जातात.

जोशुआ हार्टशोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'घाबरवणं' या जातीची क्रियापदं मुलांना आधी कळतात, 'घाबरणं' या जातीची मागाहून. आणि कानावर जास्त पडतात ती दुसरीच. ढकलणं, मारणं, भरवणं यांतून मूल शिकलेलं असतं की वाक्यातला कर्ता काहीतरी करतो आणि ते दुसऱ्याला सोसावं लागतं. 'घाबरवणं' या साच्यात बसतं. 'घाबरणं' बसत नाही, कारण तिथे सोसणाराच कर्ता असतो.

आता मराठीकडे पाहा. 'मांजर कुत्र्याला घाबरतं', 'मांजर कुत्र्याला घाबरवतं'. दोन्हीकडे 'कुत्र्याला'च, एका 'व'ने भित्रा आणि भिववणारा यांची अदलाबदल होते. त्यात 'कुत्र्याला भीती वाटते' म्हटलं की तोच 'ला' भिणाऱ्याला चिकटतो. 'बाळाला राग आला?', 'तुला आंबा आवडला?' अशा प्रश्नांमुळे हा 'ला' मुलाच्या कानात तान्हेपणापासून बसलेला असतो. म्हणून 'मांजर कुत्र्याला घाबरतं' हे वाक्य मराठी मुलाला विशेष अवघड जात असावं, असं मला वाटतं.

बऱ्हाणपुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथल्या मराठी घरातलं मूल उंबऱ्याबाहेर पडलं की हिंदीत शिरतं. हिंदीत बिल्ली 'कुत्ते से' डरते आणि 'कुत्ते को' डराते. क्रियापद येण्याआधीच 'से' आणि 'को' उलगडा करून टाकतात. असं मूल घरी येऊन 'मी कुत्र्यापासून घाबरतो' म्हणालं, तर त्याला हसू नका. कोण कोणाला भितो हे त्याला नेमकं कळलेलं आहे, त्याने फक्त हिंदीचा दुवा मराठीत वापरला आहे. 'हो का, कुत्र्याला घाबरलास? कशानं रे?' एवढं विचारलं की योग्य रूप कानावर पडतं आणि बोलणंही पुढे चालू राहतं.

ते चालू राहणं फार मोलाचं आहे. ज्युडी डन यांच्या १९९१ च्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी ज्या मुलांच्या घरी भावनांविषयी अधिक बोललं जाई, ती मुलं सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या भावना अधिक चांगल्या ओळखत होती.

'आई मला रागावली' हे आणखी वेगळं प्रकरण. तिथे राग मनातला आणि बोलणी बाहेरची, दोन्ही एकाच क्रियापदात येतात, आणि लहान मूल आधी बाहेरचं, म्हणजे आईचा चढलेला आवाज, धरतं. पुढच्या आठवड्यात 'रुसणं' घेऊ. त्यात भावना असतेच, शिवाय ती कोणीतरी पाहावी ही इच्छाही असते.