रुग्णालयातील माहिती-तंत्रज्ञान व्यवस्थापन : कार्य व सेवेच्या संधी

देणगीदारांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. देणगी रुग्णसेवेसाठी दिली जाते. मग त्यातून संगणक विभागाचा खर्च व तेथील व्यवस्थापकाचे वेतन का भागवावे? प्रश्न रास्त आहे. डायलिसिसचे यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर देणगीदाराच्या मातोश्रींच्या नावाची पाटी लावता येते; माहिती-तंत्रज्ञान व्यवस्थापकाच्या कामात पाटी लावण्याजोगे काहीच नसते. म्हणून हे काम नेमके कोणते, ते करणारी माणसे कोठून येतात व रुग्णांच्या घरांतील तरुण मुलामुलींना या क्षेत्रात कितपत वाव आहे, याचा परिचय येथे करून देत आहोत.

रुग्णालयातील माहितीचा उगम नोंदणी कक्षाच्या खिडकीपाशी होतो, आणि बहुतेक घोटाळ्यांचाही तेथेच होतो. आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. माहेरच्या नावाने काढलेला जुना केसपेपर सासरच्या नावाने शोधला तर सापडत नाही. वृद्ध गृहस्थांना जन्मतारीख विचारावी तर ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो’ असे उत्तर मिळते. मग नोंदणी लिपिक १९६७ वरून मनातल्या मनात हिशेब करतो व १ जानेवारी अशी तारीख टाकून मोकळा होतो. परिणामी एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी तयार होतात, किंवा त्याहून भयावह म्हणजे, सारख्या नावाच्या दोन व्यक्तींची नोंद एक होऊन बसते. पेनिसिलिन सोसत नसल्याचा शेरा एका नोंदीत राहतो व औषध दुसऱ्या नोंदीवरून दिले जाते. कागदाच्या काळात अशी चूक एका फायलीपुरती राहत असे. संगणक ती क्षणार्धात प्रयोगशाळा, औषधभांडार व देयक कक्ष येथे पोहोचवतो.

यावरील उपाय यंत्रात नसून नियमात असतो. नाव, वय, दूरध्वनी, पत्ता यांपैकी कोणत्या खुणा जुळल्याखेरीज जुना केसपेपर उघडावयाचा नाही, दुहेरी नोंदी किती दिवसांनी तपासावयाच्या, दोन नोंदी एकत्र करण्याचा अधिकार कोणाला द्यावयाचा, हे व्यवस्थापकाने डॉक्टर व अधिपरिचारिका यांच्यासमवेत बसून ठरवावे लागते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाची या कामी मदत होते. तथापि तो ऐच्छिक आहे, आणि बेशुद्धावस्थेत आणलेल्या रुग्णाला तो विचारता येत नाही.

धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत या कामाला आणखी एक बाजू आहे, आणि ती विश्वस्तांना थेट बांधणारी आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना महाराष्ट्रात २००६ पासून लागू आहे. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. तसेच या दोन गटांव्यतिरिक्त इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते व तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास द्यावा लागतो. आता, सायंकाळी सात वाजता एखादी बाई आजारी मुलाला घेऊन दाराशी आली असता निर्धन कोट्यातील किती खाटा रिकाम्या आहेत, हे त्या क्षणी सांगता आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी लेखापाल येईपर्यंत ती थांबू शकत नाही. उत्पन्नमर्यादा बदलली की बदल त्याच दिनांकापासून प्रणालीत उतरला पाहिजे. अन्यथा पात्र रुग्णाकडून पैसे घेतले जातील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली पूर्वपरवानगी व दावे संगणकाद्वारेच दाखल होत असल्याने, एखादे छायाचित्र वा अहवाल जोडावयाचा राहिला तर दावा अडतो व केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे संस्थेस मिळत नाहीत. असा प्रत्येक अडलेला दावा अखेरीस देणगीच्या रकमेतूनच भरून निघतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

यंत्रांना एकमेकांशी बोलते करणे हा तांत्रिक भाग. क्ष-किरण, सीटी व एमआरआय यांच्या प्रतिमांसाठी ‘डायकॉम’ व संदेशांच्या देवाणघेवाणीसाठी ‘एचएल सेव्हन’ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. खरेदीच्या वेळी त्यांचा आग्रह धरला नाही, तर रक्ततपासणीचे आकडे एका पडद्यावरून वाचून दुसऱ्यावर हाताने टंकावे लागतात व त्यात दशांशचिन्ह हलते.

सुरक्षिततेचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील संगणकप्रणालीवर खंडणीखोर हल्ला झाला आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयात नोंदणी, अहवाल व देयके यांचे काम सुमारे दोन आठवडे हाताने करावे लागले. यामागे जाळ्याचे योग्य विभाजन नसणे हे कारण असल्याचे शासनाने पुढे संसदेत सांगितले. त्यापूर्वी मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या हल्ल्याने इंग्लंडमधील सार्वजनिक रुग्णालये ठप्प झाली होती. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच उपलब्ध केली होती, ती अनेक ठिकाणी बसवली गेली नव्हती. दोन्ही ठिकाणी उणीव व्यवस्थापनाची होती. कोणता संगणक कोणाशी जोडलेला आहे याचा नकाशा ठेवणे, दुरुस्त्या वेळेवर बसवणे, माहितीची प्रत रुग्णालयाच्या जाळ्याबाहेर ठेवणे आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही हे पडताळून पाहणे, ही रोजची, कंटाळवाणी व कोणीही शाबासकी न देणारी कामे आहेत. शिवाय प्रणाली बंद पडली असता वॉर्डात कोणते छापील तक्ते वापरावयाचे, याचीही तयारी हवी. २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार उघड झाल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या शासकीय यंत्रणेस कळवावे लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे रुग्णाची माहिती ही संस्थेची मालमत्ता नसून तिच्याकडे सोपवलेली ठेव आहे, हा विचार कायद्याच्या भाषेत आला आहे. एचआयव्हीचा अहवाल कोणी, केव्हा उघडून पाहिला, याची नोंद राहणे यात अभिप्रेत आहे.

या साऱ्यात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे पुरवठादाराशी होणारा करार. प्रणाली विकत घेताना सवलत किती मिळाली याची चर्चा होते. करार संपल्यावर वीस वर्षांच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे क्वचितच कोणी विचारते. आमच्या मते चांगल्या व्यवस्थापकाची पारख या एका प्रश्नावरून करता येते.

आता या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांविषयी. अभियांत्रिकी, बी.एस्सी. संगणकशास्त्र अथवा बीसीए, व त्यापुढे एमसीए किंवा माहिती-तंत्रज्ञान व्यवस्थापनातील एमबीए हा परिचित मार्ग आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था रुग्णालय प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण देते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने आरोग्यविषयक संगणकप्रणालींवर दीर्घकाळ काम केले आहे. तिची ‘ई-सुश्रुत’ प्रणाली शासकीय रुग्णालयांत वापरली जाते. आरंभ बहुधा जाळे व यंत्रे सांभाळणाऱ्या साहाय्यकाच्या पदापासून होतो. तेथून प्रणाली विश्लेषक, प्रकल्पप्रमुख, विभागाचा व्यवस्थापक व मोठ्या रुग्णालयसमूहांत मुख्य माहिती अधिकारी अशी चढण आहे.

दुसरा मार्ग कमी परिचित, परंतु आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व वैद्यकीय अभिलेख विभागातील कर्मचारी यांनी संगणकाचे शिक्षण घेऊन या कामात यावे. रात्रपाळीत औषधाचा तक्ता भरताना हातात काय काय असते, हे ज्या परिचारिकेने अनुभवले आहे ती सात वेळा बटण दाबावयास लावणारा पडदा मान्य करणार नाही. संगणकाची भाषा वर्षभरात शिकता येते. वॉर्डाची भाषा शिकावयास त्याहून अधिक काळ लागतो.

वेतनाबाबत पालकांना आडपडदा न ठेवता सांगणे इष्ट. हिंजवडीतील सॉफ्टवेअर कंपनी देते तितके वेतन धर्मादाय रुग्णालय सहसा देऊ शकत नाही, आणि दिवाळीच्या पहाटेही दूरध्वनी येऊ शकतो. या कारणाने अनुभवी माणसे दोन-तीन वर्षांत निघून जातात व त्यांच्याबरोबर प्रणालीची माहितीही जाते. या पदांच्या वेतनासाठी कायम निधी असावा, ही विश्वस्तांपुढील खरी निकड आहे. ज्यांना तरीही हे काम करून पाहावेसे वाटते, अशा विद्यार्थ्यांनी सुट्टीत महिनाभर एखाद्या रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात उमेदवारी करावी, व तीही सोमवारी सकाळी, बाह्यरुग्ण विभागाची रांग फाटकाबाहेर गेलेली असताना.