चालणं की जॉगिंग : आयुष्यभर टिकेल असा व्यायाम कोणता?



दरवर्षी जानेवारीत शाळेच्या मैदानावर पहाटे गर्दी वाढते. नवे बूट, नवा उत्साह! होळीपर्यंत त्यातले बरेच जण दिसेनासे होतात. मीही त्यांतलाच एक. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्याच दिवशी मैदानाला दहा फेऱ्या धावत मारल्या आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून घरी बसलो. पुढे महिनाभर फळ्यासमोर उभं राहणंही जड गेलं. तेव्हा पडलेला प्रश्न आज तुमच्यासमोर मांडतो : चालावं की धावावं?

फरक नेमका कुठे?

चालताना एक तरी पाय जमिनीवर असतोच. धावताना सहसा क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. मग पाय टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीनपट भार त्यावर येतो. चालताना तो वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. म्हणून धावण्याने गुडघे झिजतातच असं समजू नका. निरोगी गुडघ्याला हळूहळू सवय लावली तर धावणं सोसतं. गडबड होते ती घाईमुळे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. स्नायूबंध आणि हाडांना मात्र जास्त वेळ लागतो. दम पुरतो म्हणून आपण पळत राहतो आणि दुखणं ओढवून घेतो.

किती वेळ द्यायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा. भरभर चालणं मध्यम, जॉगिंग जोरकस. हिशोब सोपा आहे : आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं चाला, नाहीतर तीन दिवस २५ मिनिटं जॉगिंग करा. वेळ कमी असेल तर जॉगिंग सरस, पण चालणाऱ्याचंही काही अडत नाही. अमेरिकेतल्या हजारो धावणाऱ्यांची आणि चालणाऱ्यांची तुलना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सारखीच ऊर्जा खर्च केली तर रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका दोघांमध्ये जवळपास सारखाच कमी दिसला.

मात्र चालणं म्हणजे रमतगमत फिरणं नव्हे. जेवणानंतरची शतपावली चांगलीच, पण ती या हिशोबात धरू नका. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, ही वेगाची खूण. मैदानाची फेरी २०० मीटरची असेल, तर पाच फेऱ्या साधारण दहा-बारा मिनिटांत व्हायला हव्यात. आणि हो, "आम्ही दिवसभर वर्गात उभेच असतो की!" असं म्हणू नका. नुसतं उभं राहिल्याने पाय दुखतात, हृदयाचा व्यायाम होत नाही.

मग निवड कशी करायची?

वजन बरंच जास्त असेल, गुडघे दुखत असतील किंवा कित्येक वर्षांत व्यायामच केला नसेल, तर चालण्यापासून सुरुवात करा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर धावण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि उपचार घ्या.

तब्येत साथ देत असेल तर दोन्हींची सांगड घाला. एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. दर आठवड्याला धावण्याचा वेळ थोडाथोडा वाढवा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर असे स्नायूंचे व्यायाम हवेतच. ते चालण्यानेही भरून निघत नाहीत आणि धावण्यानेही नाही.

मी आता आठवड्यातून पाच दिवस चालतो, त्यातले दोन दिवस मध्येमध्ये धावतो. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या मारतो. गुडघा तक्रार करत नाही.

शेवटी एक गोष्ट मुलांची. त्यांना रोज सरासरी ६० मिनिटं धावपळ लागते, आणि ती खेळातूनच व्हावी. खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास घेऊ नका. आणि पालकहो, संध्याकाळी मुलांना "बाहेर जाऊन खेळ" म्हणताना स्वतःही चपला बदलून बूट घाला. मुलं आपलं ऐकतात त्यापेक्षा आपल्याकडे बघून जास्त शिकतात.